खालची फांदी

सूरपारंब्यांचा डाव मांडायला हातभर लांबीची काठी, मातीत ओढलेलं रिंगण आणि एक झाड एवढंच लागतं. ज्याच्यावर राज्य, तो रिंगणापाशी उभा राहतो. भिडूंपैकी एक जण पाय उचलून त्याखालून काठी भिरकावतो, जमेल तितकी लांब. राज्य असलेला पळत जाऊन ती आणतो आणि रिंगणात ठेवतो. तोवर बाकीचे झाडावर पोचलेले असतात. आता त्याला वर चढून कुणाला तरी शिवायचं असतं, आणि वरच्यांना त्याला चुकवून खाली येऊन काठीला हात लावायचा असतो. कुणी पारंबीला लोंबकळत घसरतो, कुणी आडव्या फांदीच्या टोकाकडे सरकत जातो आणि ती लवली की मातीत उडी टाकतो. काठीला हात लागण्याआधी जो शिवला गेला, पुढचं राज्य त्याच्यावर.

नियम साधे आहेत, पण ते झाडाकडून बरंच काही मागतात. वर जायला एकच वाट आणि उतरायलाही तीच असेल, तर राज्य असलेला बुंध्याशी ठाण मांडतो आणि खेळ तिथेच मरतो. म्हणजे झाडाला चढायच्या दोन-तीन वाटा हव्यात आणि उतरायच्या त्याहून जास्त. पहिली फांदी सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाताला लागेल इतकी खाली हवी. वरच्या फांद्या एकमेकींजवळून गेलेल्या हव्यात, म्हणजे एकीवरून दुसरीवर जाता येतं. लाकूड चिवट हवं. आणि खाली माती हवी.

वडात हे सगळं असतं. त्याच्या फांद्या बुंध्यापासून जवळजवळ आडव्या निघतात आणि लांबत गेल्या की पारंब्या सोडून स्वतःलाच टेकू लावतात. जमिनीत रुजलेली पारंबी काही वर्षांत खांबासारखी जाड होते, आणि एका झाडाचे पाच-दहा बुंधे दिसू लागतात. वडाच्या जातकुळीतली नांदुरकी अशीच ऐसपैस पसरते. देहूला इंद्रायणीकाठी तुकोबांच्या वैकुंठगमन स्थानी जिच्यावर बीजेच्या दिवशी दुपारी फुलं उधळतात, ती हीच. त्या झाडावर कुणी चढत नाही आणि चढूही नये. पण नांदुरकी काय ताकदीचं झाड आहे हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला बघायचं असेल, तर लांब जायला नको.

चिंचेची गोष्ट वेगळी. चिंच सावकाश वाढते, आणि त्या सावकाशीतच तिचं बळ असतं. तिच्यावर चढताना पहिला हात पडतो तो भेगाळलेल्या, खवल्याखवल्यांच्या सालीवर. बोटांची पेरं त्या भेगांत बरोबर बसतात. चपला खाली सोडलेल्या असतात. अनवाणी पायाचा अंगठा सालीच्या कडेवर रुततो, गुडघा बुंध्याला घासतो, एक हेलकावा आणि पोट पहिल्या बेचक्यात. तिथे जरा थांबायचं. पुढची फांदी हातानं हलवून बघायची, मग तिच्यावर भार टाकायचा. सुकलेली फांदी हाताला वेगळी लागते. ती हलकी असते, साल सुटू लागलेली असते, आणि ठोकली की कोरडी वाजते. हे कुणी शिकवत नाही. मोठी पोरं पुढे चढतात, मागची त्यांचे पाय कुठे पडतात ते बघतात. चिंचेची पोटरीएवढी जिवंत फांदी पोराच्या वजनानं लवते, पण सहसा मोडत नाही. वर गेलं की पानांच्या बारीक जाळीतून ऊन खाली येतं आणि वारा असला तर सगळं झाड संथ हलतं. त्या हलण्याची भीती पहिल्या दिवशी वाटते, चौथ्या दिवशी पोर त्या हलण्यासाठीच वर जातं.

शिवाय चिंचेवर कायम काहीतरी चालू असतं. चैत्रात कोवळा चिगूर तोंडात टाकायचा. थंडीत शेंगा गाभुळतात. हिरवट कच्चेपणा संपत आलेला असतो, पिकलेपण आलेलं नसतं, आणि ती चव बाजारात विकत मिळत नाही. फाल्गुनात चिंचा झोडपल्या की चिंचोके येतात. ते फोडून त्यांच्या अर्धुकांनी पटावर दान टाकायचं. वनस्पतिशास्त्राची पुस्तकं चिंचेचं मूळ आफ्रिकेत दाखवतात. पण गावाच्या वेशीवर, देवळामागे, शाळेच्या कोपऱ्यात ती इतक्या पिढ्या उभी आहे की तिला परकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाकीच्या झाडांचंही पोरांचं म्हणून एक शास्त्र असतं. उंबराला खालपासून फांद्या आणि गुळगुळीत साल, म्हणून लहानांसाठी तो बरा. फक्त पिकलेलं उंबर फोडून बघितल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, आत चिलटं असतात. करंज बुटका, गच्च पानांचा, लपायला उत्तम. कडुनिंब भरवशाचा. आंब्यावर मुंगळे चावतात, पण कैऱ्यांच्या दिवसांत तेही सोसायचं. जांभळाची फांदी दिसायला जाड आणि आतून ठिसूळ, म्हणून जांभळं खायची ती खालून, सडा पडतो तेव्हा. शेवग्यावर तर चढायचंच नाही. त्याचं लाकूड काकडीसारखं कटकन तुटतं आणि पावसाळ्यात बुंध्यावर केसाळ सुरवंटांचे थवे बसलेले असतात. बाभळीला काटे, काटेसावरीला काटे, पांगाऱ्याला काटे. भोकरावर चढण्यापेक्षा त्याच्या फळाचा चिकट गर महत्त्वाचा, पतंगाचा कागद चिकटवायला. देशी झाड म्हटलं की ते चढायजोगं असतंच असं नाही. साग सरळ सोट वाढतो आणि पोराला हात टेकायलाही जागा देत नाही.

त्याच सागाच्या खांबावर मराठी माणसानं चढण्याची कला उभी केली, हे मला फार विलक्षण वाटतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं. त्यांना ही विद्या वानराच्या रूपातल्या मारुतीकडून मिळाली, अशी आख्यायिका आहे. खांबाला एरंडेल लावायचं, पकड पायाच्या अंगठ्यात आणि मांडीत घ्यायची, शरीर उलटं टांगायचं. मल्लखांबाचे उस्ताद जे वर्षानुवर्षं घोटून घेतात, त्याचा पहिला धडा एकेकाळी गावातलं प्रत्येक पोर झाडावर फुकट गिरवत होतं.

हे सगळं पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या संदर्भात लिहायचं कारण असं की, महाराष्ट्रात इतक्या कमी वर्षांत इतकी गावं शहरात विरघळल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, 1966 मध्ये टेल्को. 1970 मध्ये पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, 1982 मध्ये महानगरपालिका. 1997 मध्ये आणखी 18 गावं आत घेतली गेली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर होती. प्रत्येक गावाला पार होता, पाराला झाड होतं. पार हा पोरांचा पहिला टप्पा. त्याच्यावर उभं राहिलं की खालची फांदी हाताशी येते. मोठी माणसं पारावर बसून बोलायची आणि वरून कुणाचा तरी पाय लोंबकळत असायचा. कुणी पडलंच, तर उचलायला दहा हात तिथेच असत.

पुढे हीच लाट नाशिक रस्त्यानं उत्तरेला सरकली. फिरंगोजी नरसाळ्यानं 1660 मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही चाकणची ओळख होती. बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्रा. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, खालुंब्रे, सावरदरी या गावांच्या शेतांत शेड उभ्या राहिल्या आणि शेडच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. रस्ते रुंद होत गेले, आणि रस्ता रुंद होतो तेव्हा कडेचे वड आधी जातात.

पिंपरी-चिंचवडमध्ये झाडं नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. झाडं भरपूर आहेत. निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्याला हे सांगायला नको. प्राधिकरणातले जुने रस्ते उन्हाळ्यातही सावलीत असतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या एचए कॉलनीत शिरलं की हवा बदलते. आणि टेल्कोचं उदाहरण तर प्रत्येक उद्योजकानं पाठ करावं असं आहे. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कारखान्याच्या माळरानावर यंत्रांच्या बरोबरीनं झाडांचा ध्यास घेतला. तिथे तलाव केला, त्याच्याभोवती रान वाढवलं, पक्षी आले. उघड्या मुरमाड जमिनीवर माणसाच्या हयातीत जंगल उभं राहू शकतं, हे त्यांनी याच पट्ट्यात दाखवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, या पट्ट्यात सावलीचं झाड मिळतं, शोभेचं मिळतं, धूळ अडवणारं मिळतं. चढायचं झाड मात्र मिळत नाही. त्याची कारणं नेमकी आहेत आणि दूर करता येण्यासारखी आहेत.

पहिलं कारण लागवडीचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लवकर वाढतात म्हणून जी झाडं लावली गेली, त्यांत गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया यांचा भरणा होता. गुलमोहरावर मी अन्याय करणार नाही. त्याच्या पुंकेसरांची झुंज लावलेली नाही असं मूल या भागात नसेल, आणि त्याच्या लांब शेंगांच्या तलवारी मी अजूनही बघते. पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. पावसाळ्यात कोसळलेल्या झाडांच्या बातम्यांत त्याचं नाव वारंवार असतं. रेन ट्रीची पहिली फांदी दोन माणसांच्या उंचीवर. निलगिरीला आणि उंच खोट्या अशोकाला फांदी धरून चढायचा प्रश्नच नाही. आता नव्या सोसायट्यांत बॉटल पाम लावतात. त्यावर पाखरूही नीट बसत नाही. श्री. द. महाजन यांनी ‘आपले वृक्ष’ लिहून मराठी वाचकाला देशी झाडांची ओळख करून दिली, त्यालाही काळ लोटला. पण रोपवाटिकेत ट्रक उभा राहतो तेव्हा अजूनही हिशेब चालतो तो किती लवकर हिरवं दिसेल याचाच.

दुसरं कारण कुऱ्हाडीचं नाही, छाटणीचं. देशी झाड लावलं, जगलं, तरी त्याच्या खालच्या फांद्या राहू देत नाहीत. रस्त्यावर कंटेनरला आडव्या येतात, बागेत दिसायला अडसर होतो, शाळेत शिक्षकांना धास्ती वाटते. करंजाचा स्वभाव जमिनीलगत झुबके सोडण्याचा. बागेतला करंज मात्र डोक्यापेक्षा उंच, टक्क खांब झालेला असतो. झाड तेच, जात तीच, आणि पोराच्या दृष्टीनं ते साग झालेलं. मग बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसतात. झाडाला पाणी मिळत नाही हे त्यातलं एक नुकसान. दिल्लीतल्या झाडांबाबत हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये बुंध्याभोवतीचं काँक्रीट मीटरभर मोकळं करायला सांगितलं होतं ते त्यासाठी. पण मुलांसाठी दुसरं नुकसान मोठं आहे. पालापाचोळा साचलेल्या मातीवर पडलेलं पोर रडतं आणि उठतं. पेव्हर ब्लॉकवर पडलेल्याचा हात मोडतो. आधी खालची माती काढून घ्यायची आणि मग झाड धोकादायक आहे अशी पाटी लावायची, हे मला मुळीच मान्य नाही.

तिसरं कारण कायद्याच्या मोजमापाचं. महाराष्ट्रातल्या शहरांत झाडं तोडण्यावर 1975 च्या कायद्याचं नियंत्रण आहे. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावण्याची अट घातली. ही चांगली दुरुस्ती आहे. वयाला किंमत आहे हे कायद्यानं पहिल्यांदा ओळखलं. तरी साठ वर्षांचा वड गेला आणि साठ रोपं कुठल्या तरी टेकडीवर लागली, तर ज्या वस्तीतला वड गेला तिथल्या पोरांच्या वाट्याला बालपण संपेपर्यंत काहीच येत नाही. कारखान्यांच्या पर्यावरण मंजुरीत साधारणपणे भूखंडाच्या 33 टक्के हरितपट्ट्याची अट असते. चाकणमधले हे पट्टे कुंपणाच्या आत असतात, दाट रांगांत, धूळ आणि आवाज अडवण्यासाठी. कामगाराचं पोर त्या कुंपणाच्या बाहेर असतं.

गेल्या काही वर्षांत सगळीकडे मियावाकी पद्धतीचा बोलबाला आहे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ती सिद्ध केली: स्थानिक जाती, आणि चौरस मीटरला तीन-चार रोपं. पक्ष्यांना, कीटकांना, हवेला तिचा उपयोग होतो आणि देशी जातींचा आग्रह तिनं धरला हे मोलाचंच. पण इतक्या दाटीत प्रत्येक रोप उजेडासाठी वर धावतं, खालच्या फांद्या सावलीत मरून जातात. दहा वर्षांनी तिथे रान असतं, त्यात शिरायला वाट नसते आणि चढायला फांदी नसते. मुलांच्या शाळेच्या आवारात सगळी जागा मियावाकीला देणं म्हणूनच मला पटत नाही. एक कोपरा द्यावा. उरलेल्या जागेत पंधरा-वीस फुटांवर एक अशी पाच-सात झाडं लावावीत आणि त्यांना आडवं होऊ द्यावं.

आता धोक्याचं. मुलं झाडावरून पडतात, आणि काही जण गंभीर पडतात. हे नाकारून लिहिण्यात अर्थ नाही. नॉर्वेतल्या संशोधक एलन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळाचं वर्गीकरण केलं, त्यात उंचीवर चढणं हा पहिला प्रकार आहे. त्यांचं म्हणणं असं की मूल आपल्या धाकाच्या सीमेवर थोडं थोडं सरकत जातं, आणि ते करताना धोका जोखायला शिकतं. डेन्मार्कच्या उद्यानरचनाकार हेले नेबेलोंग आणखी एक नेमकी गोष्ट मांडतात. खेळण्याच्या शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा याचा विचार मुलाला करावा लागत नाही. आयुष्यात पुढे भेटणाऱ्या वाटा मात्र तशा सारख्या नसतात. सोसायटीतल्या प्लास्टिकच्या घसरगुंडीकडे आणि खालच्या रबरी गालिच्याकडे बघताना मला हे नेहमी आठवतं. तीन वर्षांच्या मुलासाठी ते ठीक आहे. नऊ वर्षांचं पोर तिथे आठवड्याभरात कंटाळतं, मग घसरगुंडीच्या छपरावर चढतं आणि वॉचमनची शिट्टी वाजते. त्या पोराचं काही चुकलेलं नसतं.

रवींद्रनाथांनी आपल्या शाळेबद्दलच्या व्याख्यानात एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या शाळेतला एक मुलगा झाडाच्या बेचक्यात बसून अभ्यास करताना दिसला, तेव्हा शिस्तीबद्दल नावाजलेले एक मुख्याध्यापक नाराज झाले. रवींद्रनाथांनी त्यांना समजावलं की बैठकीतली खुर्ची आणि झाडाची फांदी यांत निवड करायची मुभा माणसाला फक्त बालपणीच मिळते. आणि मराठी घरांत चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून पोचलेली ‘तोत्तोचान’ आठवा. तोमोए शाळेत प्रत्येक मुलाचं स्वतःचं झाड असतं. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान सुट्टीत, मोठ्यांना न सांगता, शिडी लावून, घामाघूम होऊन आपल्या झाडावर चढवते. आपल्याकडच्या पालकांनी आणि शिक्षकांनी ते पुस्तक डोळे पुसत वाचलं. मग ते शाळेत गेले आणि त्यांनी आवारातल्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटून घेतल्या. हे दोन्ही एकाच माणसाकडून कसं होतं, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. लहान असेपर्यंत मुलगी चढली तर कुणी काही बोलत नाही. दहा-अकराची झाली की घरातूनच हाक येते: खाली उतर, हे काय मुलीचं वागणं? विटाळात झाडाला हात लावला तर ते वठतं, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. ज्येष्ठात वटपौर्णिमेला त्याच वडाला घरातल्या सवाष्णी सूत गुंडाळतात. म्हणजे वड बाईच्या आयुष्यात येतो तो लग्नानंतर, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. तिच्या स्वतःच्या हातापायांच्या ताकदीसाठी तो तिला कधी मिळत नाही. आता जवळपास वड नाही म्हणून त्याच्या तोडलेल्या फांद्या बाजारात विकत मिळतात आणि कुंडीत खोचून पूजल्या जातात. पूजेसाठी झाडाची फांदी मोडण्यापेक्षा त्या दिवशी सोसायटीतल्या बायकांनी मिळून एक वड लावला आणि पुढे मुलींना त्यावर चढू दिलं, तर त्या व्रताला मी मनापासून हात जोडीन.

चाकणच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांचा विचार केला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इथे मराठवाड्यातली कुटुंबं आहेत, विदर्भातली आहेत, तशीच कर्नाटकातली, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. आणि झाडावर चढून काठीसाठी खाली धावायचा हा खेळ सगळ्यांच्या गावी आहे. कन्नड मुलांची मरकोती, भोजपुरी मुलांची ओल्हापाती, गुजरातेतली आंबली-पीपळी. थोडाफार फरक वगळला तर डाव तोच. बोली न कळताही ही पोरं पहिल्या संध्याकाळी एकत्र खेळू शकतील असे फार खेळ नाहीत, आणि त्यातला एक त्यांच्या आईबापांना येतो. शाळेत मराठी शिकण्याआधीच मराठी पोरांत मिसळायची ती वाट होती. या पोरांना फक्त झाड मिळायला हवं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे आहेत तिथे शाळा नेली. पत्र्याच्या खोल्यांजवळच्या मोकळ्या भूखंडावर खेळाचं झाड नेणं त्यापेक्षा अवघड नसावं. जमीन एमआयडीसीकडे आहे, ग्रामपंचायतीच्या गायरानात आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या आवारात आहे. कारखान्यांकडे सामाजिक बांधिलकीचा निधी आहे, आणि दर पावसाळ्यात रोपं लावल्याचे फोटोही असतात. त्या निधीतून दरवर्षी निदान काही झाडं चढण्यासाठी म्हणून लावावीत आणि तसं लेखी ठरवावं, अशी माझी मागणी आहे.

त्याला थांबावं किती लागेल? वाटतं तितकं नाही. वड बियांपासून वाढवायची गरज नाही. मनगट-दंडाएवढा, पुरुषभर लांबीचा फाटा आषाढात खड्ड्यात रोवला आणि पहिले दोन उन्हाळे पाणी दिलं तर तो फुटतो; नांदुरकीचंही तेच. रस्त्याच्या कामात जाणाऱ्या जुन्या वडांच्या फांद्या अशा रोवता येतील, एका मरणाऱ्या वडाचे अनेक वड होतील. करंज आणि उंबर लवकर अंग धरतात. रोप छातीएवढं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते खालीच दोन-तीन फांद्यांत फुटतं, आणि त्या फांद्या पुढे छाटायच्या नाहीत. कुठलाही अनुभवी माळी हे करून देईल. त्याला आजवर कुणी असं झाड मागितलेलं नाही इतकंच. चिंच आजच्या मुलांसाठी नाही, त्यांच्या मुलांसाठी लावायची. पण लावायची.

आणि जी झाडं उभी आहेत ती आधी वाचवायची. पवना, मुळा, इंद्रायणीच्या काठांवर उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज ही नदीची स्वतःची झाडं अजून शिल्लक आहेत. मुळेकाठी पिंपळे निलखच्या बाजूला नदीसुधारणेच्या कामात काठावरची झाडं जाऊ नयेत म्हणून नागरिक उभे राहिले, ते याच झाडांसाठी. काठावरचा तिरका वाढलेला उंबर अभियंत्याच्या नकाशात अडथळा असतो. नदीकाठी चढायला शिकणाऱ्या पोराला त्याहून सोपं झाड मिळणार नाही.

महापालिकेच्या बागांत ‘झाडावर चढू नये’ अशा पाट्या असतात. सगळ्या काढा असं मी म्हणत नाही. बागेतल्या माळ्याला आणि वृक्ष अधिकाऱ्याला बरोबर घेऊन प्रत्येक बागेत दोन-चार झाडं नक्की करता येतील, ज्यांवर चढायला मुभा आहे. त्यांची सुकी फांदी पावसाळ्याआधी काढायची, खालचे ब्लॉक उखडून माती मोकळी करायची, पाचोळा झाडून न्यायचा नाही. जवळून विजेची तार जात असेल तर ते झाड यादीत घ्यायचं नाही. मुलांना सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत: चप्पल खाली, ओल्या सालीवर चढायचं नाही, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम झाडाला, आपल्या दंडापेक्षा बारीक फांदीवर उभं राहायचं नाही, आणि जिथून उतरता येणार नाही तिथे चढायचं नाही. लहान मुलाला उचलून फांदीवर ठेवायचं नाही, हे मोठ्यांसाठी. ते स्वतः चढू शकत नसेल तर त्याची वेळ यायची आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा करंजाच्या शेंगा अजून हिरव्या असतील. फाल्गुनानंतर त्या सुकून खाली पडू लागतात. चपटी, तपकिरी शेंग फोडली की आत एखादं बी निघतं. ते रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी पिशवीतल्या मातीत दोन बोटं खोल, आडवं टोचायचं. दोन-तीन आठवड्यांत अंकुर येतो. आषाढाच्या पहिल्या पावसापर्यंत रोप वीत-दीड वीत होतं, शाळाही तोवर सुरू झालेली असते, आणि खड्डा खणायला मुलं मिळतात.